एका नाताळी पेयाची वंशावळ

आमच्या एका स्नेह्यांची कन्या गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत नांदत आहे. गेल्या मार्गशीर्षांत तिनें आपल्या वडिलांस जें पत्र धाडलें, त्यासोबत एका पाककृतीचा कागद होता. तो तिच्या शेजारणीनें तिला मोठ्या अभिमानानें दिला होता, आणि त्याच्या माथ्यावर 'जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरचें एगनॉग' अशी अक्षरें होतीं. मुलीचा प्रश्न एवढाच होता कीं, हें खरें काय? स्नेह्यांनीं तो कागद आमच्याकडे आणून दिला. कारण जुन्या दप्तरांत डोकें खुपसून बसणाऱ्या मनुष्यास जगांतील सर्व जुन्या गोष्टी ठाऊक असतात, असा त्यांचा एक प्रेमळ गैरसमज आहे. उत्तर शोधतां शोधतां आम्ही वॉशिंग्टनच्या घरापासून फार दूर गेलों. त्या भ्रमंतींत जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

एगनॉग म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अंड्यांचा पिवळा बलक साखरेबरोबर फेटावा. तो फिका पडून दाट झाला म्हणजे त्यांत रम, ब्रँडी किंवा व्हिस्की थेंबाथेंबानें सोडावी. मग दूध व साय मिळवावी. पांढरा बलक निराळा फेटून त्याचा फेंस हलक्या हातानें वरून कालवावा, आणि शेवटीं जायफळ किसून घालावें. मद्य सावकाश घालण्याचें कारण असें कीं, तें एकदम ओतलें तर बलक गोठून त्याच्या गुठळ्या होतात. असें हें दाट, गोड व चढणारें पेय अमेरिकेंत नाताळच्या दिवसांत घरोघर मोठ्या वाडग्यांत करून ठेवतात व आल्यागेल्यास पेले भरून देतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस अंडें वर्ज्य, कित्येकांस मद्य वर्ज्य, आणि कित्येकांस, निदान चारचौघांत, दोन्ही वर्ज्य. तथापि कोजागिरीचें आटीव दूध ज्यानें प्यालें आहे, त्यास या पेयाच्या प्रकृतीची निम्मी कल्पना सहज येईल. उरलेली निम्मी रमची आहे.

आतां त्या कागदाकडे वळूं. त्यांतील प्रमाण असें: साय एक क्वार्ट, दूध एक क्वार्ट, साखर एक डझन मोठे चमचे, ब्रँडी एक पिंट, राय धान्याची व्हिस्की अर्धा पिंट, जमेकाची रम अर्धा पिंट व शेरी पाव पिंट. म्हणजे चार पिंट दूध-सायीस सव्वादोन पिंट मद्य! मिश्रण थंड जागीं कांहीं दिवस ठेवावें व वरचेवर चाखून पाहावें, अशी शेवटीं सूचना आहे. ती कोणी क्वचितच मोडली असेल. अंडीं किती घ्यावयाचीं, हें मात्र कोठेंच सांगितलेलें नाहीं. ही कृति अमेरिकेंत दर डिसेंबरांत हातोहात फिरते, आणि तिच्या खरेपणाविषयीं शंका घेण्याचें कोणाच्या मनांत फारसें येत नाहीं.

परंतु वॉशिंग्टनच्या कागदपत्रांत हिचा मागमूस नाहीं. माउंट व्हर्नन या त्याच्या राहत्या घराचे व तेथील ग्रंथसंग्रहाचे जे आजचे रक्षक आहेत, तेच ही गोष्ट स्पष्टपणें सांगतात. बरें, वॉशिंग्टन हा कांहीं कागद न ठेवणारा मनुष्य नव्हे. १७८७ सालच्या नाताळांत पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं त्यानें एक उंट घरीं आणविला व उंटवाल्यास १८ शिलिंग दिले, हें त्याच्या जमाखर्चांत नमूद आहे. त्याची पत्नी मार्था हिच्या मोठ्या केकची कृति तिच्या नातीनें उतरून घेतलेली आजहि उपलब्ध आहे. तींत आरंभींच ४० अंडीं घेण्यास सांगितलें आहे. ज्या घरांत उंटाचा खर्च टिपला जातो आणि अंडीं मोजून घेतलीं जातात, त्या घरच्या एगनॉगमध्यें अंड्यांचा आंकडाच नसावा, ही गोष्ट आम्हांस तरी पुरेशी बोलकी वाटते.

थोरांचें नांव जोडण्याची ही हौस आम्हांस अपरिचित नाहीं. आमच्याकडे प्रत्येक पडक्या वाड्यांत नाना फडणिसाचा एकदां तरी मुक्काम झालेला असतो, आणि प्रत्येक बुजलेल्या विहिरींतून एक भुयार थेट किल्ल्यावर निघतें. यांत कोणाचें फारसें नुकसान होतें असें वरवर दिसत नाहीं. पण खोटी वंशावळ ही नेहमीं खऱ्या वंशावळीची जागा अडवून बसते, आणि एगनॉगच्या बाबतींत जीं माणसें त्यामुळें बाहेर राहिलीं, तीं विसरण्याजोगीं खास नव्हेत. तेव्हां खऱ्या वंशावळीकडे जाऊं.

या पेयाचा मूळ पुरुष इंग्लंडांत सांपडतो. त्याचें नांव पॉसेट. ऊन दूध किंवा साय ही वाइनमध्यें अगर बिअरमध्यें ओतून फाडावयाची, त्यांत साखर व मसाला घालावयाचा, आणि सुखवस्तु घर असेल तर अंडींहि. मध्ययुगापासून तें तेथें झोपण्यापूर्वीं किंवा सर्दीपडशावर घेत. शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकांत राजाच्या पहारेकऱ्यांस गुंगी आणण्यासाठीं लेडी मॅकबेथ ज्यांत औषध मिसळते, तें हेंच पेय. १६६९ सालीं छापलेल्या सर केनेल्म डिग्बीच्या पाकपुस्तकांत पॉसेटच्या कृति आहेत, व त्यांत अंडीं व साय यांची रेलचेल आहे. पॉसेटसाठीं दोन कानांचें व एका तोटीचें निराळें भांडें असे. तोटीनें खालचा पातळ भाग प्यावयाचा व वरचा घट्ट फेंस चमच्यानें खावयाचा. अर्थात् जेथें गाय दाराशीं, खुराड्यांत कोंबड्या आणि तळघरांत परदेशची वाइन, तेथेंच हा थाट चाले. इंग्लंडांतील शहरी गरिबास दूध दुर्मिळ, अंडीं महाग आणि स्पेनची शेरी तर स्वप्नांतहि नाहीं. म्हणून पॉसेट हें तेथें बड्यांचेंच राहिलें.

'नॉग' हा शब्द कोठून आला याविषयीं शब्दशास्त्रज्ञांत एकमत नाहीं. इंग्लंडच्या पूर्वेस नॉर्फक परगण्यांत एका कडक जुन्या बिअरला नॉग म्हणत, व तो शब्द १६९३ पासून लेखांत आढळतो. दुसरे म्हणतात कीं, 'नॉगिन' नांवाचा लहान लांकडी पेला असे, त्यावरून हें नांव पडलें. आमचा कल पहिल्या मताकडे आहे. कारण पेयावरून पेय असा नांवाचा प्रवास अधिक सरळ. पण हा निव्वळ कल आहे.

पेयांच्या नांवांचा विषय निघालाच आहे, तर एक आडवाट घेण्याचा मोह आवरत नाहीं. एगनॉगचा एक जवळचा आप्त म्हणजे दुधाचें पंच, आणि 'पंच' हा शब्द आमच्या किनाऱ्यावरचा आहे असें सांगणारा साक्षीदार मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. शिवराज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईकडे असलेला व पुढें जुन्नरपर्यंत जाऊन आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर, तोच हा गृहस्थ. गोव्याजवळच्या नेरूळ येथें उत्तम अरक होतो व त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज शरीर खिळखिळें करणारें एक पेय बनवितात, पांच जिनसांचें म्हणून त्यास हें नांव, असें त्यानें आपल्या १६९८ सालीं छापलेल्या ग्रंथांत लिहिलें आहे. ही व्युत्पत्ति सर्वांस मान्य नाहीं. पिंपास इंग्रजींत जो शब्द आहे त्याचेंच हें लघुरूप, असें मानणारेहि आहेत. तें कसेंहि असो. पौर्वात्य मसाला, उसाचें मद्य आणि यूरोपीय पेला यांची गांठ सतराव्या शतकांत समुद्राकांठच्या वखारींत पडली, एवढें फ्रायरच्या साक्षीनें नक्की ठरतें. आणि हाच मेळ पुढें अटलांटिकपलीकडे निराळ्या थाटानें पुन्हां जमला.

इंग्लंडांतून अमेरिकेंत वसाहतीस गेलेल्या लोकांनीं पॉसेटची आठवण बरोबर नेली, पण तेथें परिस्थिति उलटी होती. जमीन अफाट, जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या दाराशीं गाय व कोंबड्या. जें दूध व जीं अंडीं इंग्लंडांत मोजून मिळत, तीं येथें घरचीं. याउलट यूरोपची वाइन व ब्रँडी यांवर कर व वाहतूक बसून त्या महाग. तेव्हां वाइनच्या जागीं वेस्ट इंडीज बेटांतून येणारी स्वस्त रम आली, आणि बड्यांचें पॉसेट शेतकऱ्याचें एगनॉग झालें.

एगनॉग या शब्दाचा सर्वांत जुना म्हणून जो उल्लेख दाखवितात, तो मेरीलँडमधील जोनाथन बाउचर नांवाच्या धर्मोपदेशकाच्या एका कवितेंतील आहे. कविता १७७५ च्या सुमाराची. ती त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या शब्दकोशांत आली. हा बाउचर कट्टर राजनिष्ठ होता. क्रांतीचे वारे वाहूं लागले, तेव्हां तो भरलेलीं पिस्तुलें जवळ ठेवून प्रवचन करी, आणि शेवटीं १७७५ सालीं त्यास इंग्लंडांत परत जावें लागलें. गंमत अशी कीं, वॉशिंग्टनच्या सावत्र मुलाचा शिक्षक तो हाच. म्हणजे वॉशिंग्टनच्या परिवाराशीं एगनॉगचा कांहीं लेखी संबंध असलाच, तर तो त्याच्या या विरोधी पक्षांतल्या ओळखीच्या माणसामार्फत आहे! १७८८ सालीं न्यू जर्सींतील एका वृत्तपत्रांत हा शब्द छापलेला आढळतो. पुढें १७९५ ते १७९७ या काळांत आयझॅक वेल्ड नांवाचा आयरिश प्रवासी त्या देशांत हिंडला. ताजें दूध, अंडीं, रम व साखर एकत्र घुसळलेलें एगनॉग तेथील वाटसरू मुक्काम सोडण्यापूर्वीं रिवाजाप्रमाणें ढोसतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. सारांश, त्या वेळीं हें पेय सणाचें नव्हतें. तें वाटेवरचें होतें, आणि वाटसरू तें सकाळीं प्रवासास निघतांना घेत.

मग तें नाताळचें केव्हां व कां झालें? आमच्या मतें याचें उत्तर खुराड्यांत आहे. दिवस लहान होऊं लागला कीं कोंबड्या अंडीं घालणें कमी करतात किंवा थांबवितात; खुराड्यांत विजेचे दिवे लावण्याची युक्ति ही विसाव्या शतकांतली. त्यापूर्वीं थंड प्रदेशांत ऐन डिसेंबरांत डझनभर अंडीं एका वाडग्यांत फोडणें म्हणजे गृहिणीनें आश्विनापासून केलेली सांठवण एका सायंकाळीं उधळणें होय. जी वस्तु वर्षभर विपुल आणि सणाच्या वेळीं नेमकी दुर्मिळ, तिचें पक्वान्न आपोआप सणाचें होतें. शिवाय कच्च्या दुधाअंड्यांचें मिश्रण बर्फाच्या कपाटाविना कांहीं दिवस टिकावें, तर तें त्याच महिन्यांत.

येथवरची हकीकत गोड आहे. पण रम स्वस्त कां होती, हा प्रश्न राहिला. कॅरिबियन बेटांत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडून ऊंस पिकवीत व गाळीत. साखर काढून उरलेली मळी न्यू इंग्लंडमधील बंदरांत जाई. तेथील भट्ट्यांत तिची रम होई. आणि त्या रमचा एक भाग पुन्हां आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन तिच्या मोबदल्यांत नवीन माणसें विकत घेतलीं जात. मळीवर ब्रिटिश पार्लमेंटनें १७३३ व १७६४ सालीं जे कर बसविले, त्यांनीं वसाहतींत असंतोषाचें बीं पेरलें, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. त्या मळीच्या तळाशीं कोण होतें, हें तितक्या आवर्जून सांगितलें जात नाहीं. एगनॉगच्या पेल्यांतली साखर आणि त्यांतली रम हीं दोन्ही एकाच उसाचीं, आणि तो ऊंस एकाच प्रकारच्या हातांनीं तोडलेला.

क्रांतीनंतर ब्रिटिश बेटांशीं अमेरिकन गलबतांचा व्यापार बंद पडला, रम महागली, व देशांत पिकणाऱ्या धान्याची व्हिस्की पुढें आली. येथें वॉशिंग्टन खरोखरीच आमच्या कथेंत येतो, पण पाकशास्त्री म्हणून नव्हे. १७९७ सालीं जेम्स अँडर्सन या स्कॉच कारभाऱ्याच्या सल्ल्यानें त्यानें माउंट व्हर्नन येथें व्हिस्कीची भट्टी घातली. तांब्याचीं पांच पात्रें, आणि धान्याचें मिश्रण ६० भाग राय, ३५ भाग मका व ५ भाग मोड आणलेलें बार्ली. १७९९ सालीं म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीं तेथून जवळजवळ ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली. देशांतील मोठ्यांत मोठ्या भट्ट्यांपैकीं ती एक होती. त्या पात्रांखालीं जाळ घालणारे व आंबवण ढवळणारे सहा गुलाम होते. त्यांचीं नांवें कागदोपत्रीं आहेत: हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी. आडनांवें नाहींत. त्याच घरचा प्रसिद्ध आचारी हर्क्युलीस, ज्याच्या हातचें जेवण फिलाडेल्फियांत राष्ट्राध्यक्षांच्या पाहुण्यांनीं वाखाणलें, तोहि गुलामच. तो २२ फेब्रुवारी १७९७ रोजीं, म्हणजे धन्याच्या वाढदिवशींच, पळून गेला व परत सांपडला नाहीं. यांपैकीं कोणाच्याहि नांवानें आज एखादी कृति डिसेंबरांत फिरत नाहीं. ज्या कृतीला नांव आहे ती खोटी, आणि जीं नांवें खरीं आहेत त्यांना कृति नाहीं. त्या मुलीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आमच्या मतें हेंच आहे.

उरलेलें अर्धें आम्हांस एका पळून सुटलेल्या गुलामाच्या आत्मचरित्रांत मिळालें. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडमध्यें, म्हणजे बाउचरच्याच प्रांतांत, १८१८ च्या सुमारास जन्मला; १८३८ सालीं तो बाल्टिमोरहून निसटला, व १८४५ सालीं त्यानें आपली हकीकत छापली. नाताळपासून वर्षप्रतिपदेपर्यंतचे दिवस गुलामांना सुटीचे असत, असें तो सांगतो. त्या सुटींत जो काम करी, कुंचे बांधी किंवा टोपल्या विणी, तो धन्यास आवडत नसे. जो पिऊन लोळे तो आवडे. कोणाचा गुलाम अधिक व्हिस्की पचवितो यावर धनी पैजा लावीत. डग्लसचें म्हणणें असें कीं, हें औदार्य नव्हतें, मोठा डाव होता. स्वातंत्र्याचे चार दिवस इतके किळसवाणे करावयाचे कीं, पांचव्या दिवशीं शेतावर परत जाणें बरें वाटावें. माणसाची गुलामी काय आणि दारूची काय, सारखीच, असें त्याच्या मनांत भरवावयाचें. शिवाय वाफेच्या यंत्रास जशी वाफ सोडण्याची झडप, तशी ही सुटी, ती नसती तर बंड झालें असतें, असाहि त्याचा अभिप्राय आहे.

डग्लसनें एगनॉगचें नांव घेतलेलें नाहीं, आणि त्याच्या तोंडीं तें घालण्याची आमची इच्छा नाहीं. पण दक्षिणेकडील मळ्यांवर नाताळचा एक वाडगा दिवाणखान्यांत आणि एक पिंप अंगणांत, हें चित्र डोळ्यांपुढें आणल्यावांचून या पेयाचा इतिहास पुरा होत नाहीं. दिवाणखान्यांतील वाडगा ज्यांनीं फेटला, ते अंगणांतल्या लोकांपैकींच होते. फेटण्याचें काम कांहीं क्षुल्लक नव्हे. यंत्राशिवाय, काटक्यांच्या जुडीनें, डझनावारी पांढरा बलक ताठ होईपर्यंत घुसळणें म्हणजे काय, हें ज्यानें ताकासाठीं पहांटे रवी फिरविली आहे त्यास सांगावयास नको. जुन्या पाकपुस्तकांत 'चांगलें फेटावें' एवढे दोनच शब्द असतात. कोणी फेटावें तें नसतें.

याच सुमारास या पेयानें एक विनोदी प्रताप गाजविला, तोहि सांगून टाकूं. हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें जी लष्करी शाळा आहे, तिचा मुख्य सिल्व्हेनस थेअर यानें तेथें मद्यास बंदी केली होती. नाताळचें एगनॉग मद्याविना कसें व्हावें? छात्रांनीं नदीकांठच्या खाणावळींतून व्हिस्की चोरून आणली, आणि २४ डिसेंबर १८२६ च्या रात्रीं वसतिगृहांत मैफल मांडली. कॅप्टन हिचकॉक हा अधिकारी बंदोबस्तास येतांच मैफलीचें बंड झालें. खिडक्या फुटल्या, जिन्याचे कठडे उखडले. पुढें १९ छात्रांवर लष्करी न्यायसभेपुढें खटले चालले, त्यांतील बऱ्याच जणांस काढून टाकलें, आणि शिक्षांचा शेवटचा विचार खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांस करावा लागला. पार्टींत सामील असलेला एक छात्र लवकरच खोलींत नजरकैद झाल्यामुळें प्रत्यक्ष दंग्यांतून वांचला. त्याचें नांव जेफर्सन डेव्हिस. गुलामगिरी टिकविण्यासाठीं फुटून निघालेल्या दक्षिणी संस्थानांचा १८६१ नंतरचा अध्यक्ष तो हाच.

१८६२ सालीं जेरी टॉमस यानें मद्यमिश्रणांचें जें पुस्तक छापलें, त्यांत एगनॉगच्या अनेक तऱ्हा आहेत. सायडरचें एगनॉग हॅरिसन सेनापतीच्या नांवानें आहे, कारण १८४० च्या निवडणुकींत सायडरचें पिंप हेंच त्याच्या पक्षाचें चिन्ह झालें होतें. बाल्टिमोर पद्धतींत १५ माणसांस १६ पिवळे बलक व १२ चमचे साखर धरली असून मदिरा बेटाची वाइन घातली आहे. येथें अंड्यांचा आंकडा आहे, हें लक्षांत घ्यावें. या पेयाचीं भावंडें इतरत्रहि आहेत. मेक्सिकोंत प्वेब्ला शहरच्या जोगिणींच्या मठाशीं निगडित असलेलें रोंपोपे, पोर्तो रिकोंतील नारळाच्या दुधाचें कोकितो, हॉलंडांतील चमच्यानें खाण्याइतकें दाट अॅडव्होकाट. यांतील कोकितो आमच्या कोंकणस्थ वाचकांस सर्वांत जवळचें वाटेल.

विसाव्या शतकांत एगनॉग कारखान्यांत शिरलें. आज अमेरिकेंत दुकानीं मिळणारें एगनॉग कायद्यानें बांधलेलें आहे: दुधाची स्निग्धता शेंकडा सहापेक्षां कमी नसावी आणि अंड्याच्या बलकाचा घनांश निदान शेंकडा एक असावा. शेंकडा एक! बाल्टिमोरच्या त्या १६ अंड्यांपुढें हें प्रमाण पाहून हसावें कीं रडावें तें कळत नाहीं. घरीं करणारांना मात्र निराळी धास्ती पडली. १९८० नंतरच्या दशकांत असें दिसून आलें कीं, न फुटलेल्या, स्वच्छ अंड्याच्या आंतहि साल्मोनेला जातीचे रोगजंतु असूं शकतात. तेव्हांपासून सरकारी सल्ला असा आहे कीं, बलक व दूध मंद आंचेवर ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मगच पेय करावें. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठीं तर हा सल्ला मुळींच मोडूं नये.

या प्रश्नास एका विदुषीच्या वाडग्यानें मोठें मौजेचें वळण दिलें. रिबेका लान्सफील्ड यांनीं १९३३ सालीं घसा व हृदय पोखरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचें वर्गीकरण करून दाखविलें. सांधेतापानें जडणारा हृदयविकार ज्या आमच्या देशांत आजहि मुलांस ग्रासतो, त्या देशानें त्यांचें नांव कृतज्ञतेनें घ्यावें. या बाई न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील आपल्या प्रयोगशाळेंत दरवर्षीं नाताळपूर्वीं एगनॉग करून शीतकपाटांत कांहीं आठवडे मुरवीत. १९८१ सालीं त्या निवर्तल्या, पण प्रयोगशाळेनें प्रघात सोडला नाहीं. पुढें तेथील शास्त्रज्ञांनीं त्यांच्याच कृतीच्या एगनॉगमध्यें मुद्दाम साल्मोनेलाचे जंतु सोडून पाहिलें. एका आठवड्यानंतर जंतु जिवंत होते. तीन आठवड्यांनीं एकहि उरला नव्हता. त्यांतील मद्यानें आपलें काम केलें होतें. थंड जागीं मुरत ठेवण्याच्या जुन्या चालींत तथ्य होतें, पण 'कांहीं दिवस' पुरेसे नव्हते. अर्थात् हा एका प्रयोगशाळेंतला, कडक मद्याच्या एका मिश्रणाचा दाखला आहे. त्याच्या जोरावर कोणी ७१ अंशांचा नियम झुगारूं नये.

राहिलें जायफळ. पेल्यावर चिमूटभर पडणारी ही वस्तु पॉसेटच्या काळांत जगांत एकाच ठिकाणीं पिके, तें म्हणजे आजच्या इंडोनेशियांतील बांदा बेटें. तीं सर्वस्वीं ताब्यांत घेण्यासाठीं १६२१ सालीं डच कंपनीचा यान पीटरसून कून हा फौज घेऊन गेला, आणि बहुतेक सारी वस्ती मारली गेली, उपासमारीनें मेली किंवा गुलाम करून बटावियास नेली गेली. मग त्या ओसाड बागांत इतरांचे गुलाम आणून बसविले. त्या बेटांपैकीं रन नांवाच्या चिमुकल्या बेटावर इंग्रजांचा हक्क होता. तो त्यांनीं १६६७ च्या ब्रेडाच्या तहानें सोडला, आणि मॅनहॅटनसह डचांची अमेरिकेंतील वसाहत इंग्रजांकडे राहिली. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या कन्येच्या गांवापलीकडे नदीच्या पैलतीरीं जें महानगर उभें आहे, तें एके काळीं जायफळाच्या तराजूंत तोललें गेलें होतें. पुढें इंग्रजांनीं त्या झाडाचीं रोपें बांदाबाहेर नेलीं. ग्रेनेडा बेटांत तें एकोणिसाव्या शतकांत रुजलें, आणि आमच्या कोंकणांत व गोव्यांत आज नारळी-पोफळीच्या सावलींत तें पिकतें.

हें सारें आम्हीं त्या मुलीस सविस्तर लिहून कळविलें. तिचें उत्तर पौषांत आलें. आमचें पत्र पोंचण्यापूर्वींच तिनें एगनॉग करून टाकलें होतें: एक वाडगा शेजारणीच्या कागदाप्रमाणें, आणि दुसरा मद्यावांचून, मुलांसाठीं, दूध व बलक मंद आंचेवर शिजवून. अंड्यांची संख्या कागदांत नसल्यामुळें तिची पंचाईत झाली होती. तेव्हां शेजारणीनें आपली आजी किती घेई तें आठवून सांगितलें, आणि रिकाम्या जागीं आतां १२ हा आंकडा लिहिला आहे. जायफळ सासूबाईंनीं रत्नागिरीहून पाठविलेलें होतें, त्यांतील दोन शेजारीण मागून घेऊन गेली. माथ्यावरचें वॉशिंग्टनचें नांव मात्र आपल्यानें खोडवलें नाहीं, कारण शेजारणीचें मन मोडेल, असें ती लिहिते. आमचें पत्र तिनें त्याच कागदाच्या पाठीस टांचून ठेवलें आहे.